ठासून सांगणार नाही

३ फेब्रुवारी

ती. मामांस,

पत्राला उशीर झाला. कारण सांगितलं तर सबब वाटेल, आणि सबब वाटू नये म्हणून आणखी चार ओळी लिहिल्या तर ती नक्कीच सबब होईल. म्हणून पुढे जाते.

आमचा इंग्रजी-मराठी कोश एकदाचा ‘ई’ या अक्षरात शिरला. माझ्या वाट्याला ‘एम्फसाइझ’ हे क्रियापद आलं आहे. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. भर देणे, जोर देणे, झालं. पण आमच्या संपादकबाईंची पद्धत तुम्हाला माहीत आहे. नुसता प्रतिशब्द त्यांना चालत नाही. तोच आशय मराठी माणूस कसा बोलतो, ते प्रत्येक अर्थाखाली एका वाक्याने दाखवायचं, आणि ते वाक्य खऱ्या माणसाने खऱ्या कारणासाठी लिहिलेलं हवं. काल मी एक रचून नेलं: ‘वक्त्याने शिक्षणाच्या महत्त्वावर भर दिला.’ बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “हा वक्ता कोण? तुम्ही भेटला आहात का त्याला?”

मी कागद परत घेतला.

या क्रियापदाचे तीन अर्थ मी वेगळे केले आहेत. पहिला, एखाद्या गोष्टीला इतरांपेक्षा जास्त महत्त्व देणे. इथे एक सूचनाही टाकली आहे की इंग्रजीत या क्रियापदानंतर ‘ऑन’ लागत नाही. आपण सगळे ते लावतो, कारण बोलतो इंग्रजी पण मनात ‘अमक्यावर भर देणे’ चालू असतं. याचं वाक्य ऑफिसच्या एका परिपत्रकात सापडलं. तिसरा अर्थ, एखादी गोष्ट नजरेत भरेल असं करणे. त्याचं वाक्य शिंप्याच्या चिठ्ठीत मिळालं: ‘उभ्या रेघांचं कापड घेऊ नये, उंची उगाच डोळ्यांत भरते.’ बाई खूश झाल्या.

अडलंय ते दुसऱ्यापाशी. ऐकणाऱ्याच्या कानाआड जाऊ नये म्हणून एखादी गोष्ट जोर देऊन सांगणे. तुम्ही चाळीस वर्षं दुसऱ्यांची प्रुफं तपासलीत. एखादं खरं वाक्य आठवतं का?

तुमच्या लेकीने, म्हणजे आपल्या शिट्टीने, कळवलं की तुमच्या घराचा करार या मार्चअखेर संपतो आणि मालक पुढच्या तीन वर्षांसाठी सही मागतो आहे. तिसरा मजला, बावन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. तिच्या घराची खालची खोली रिकामी आहे, असंही तिने लिहिलं. यावर माझं काही मत नाही. म्हणजे आहे, पण तुम्ही विचारलेलं नाही.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही ते एका परीने बरंच झालं. नाहीतर आपण एकमेकांना पत्रं लिहिलीच नसती.

तुमची,
खोडरबर


९ फेब्रुवारी

प्रिय खोडरबर,

तू सहा वर्षांची असताना एक बेरीज इतक्यांदा पुसलीस की वहीला भोक पडून पलीकडचं पान दिसायला लागलं. तेव्हा तुला हे नाव ठेवलं. तुझं पत्र वाचून समाधान वाटलं, भोकं अजून पडतात.

जोर या विषयावर मला पुष्कळ माहिती आहे, कारण मी आयुष्यभर तो काढत आलो. एक गृहस्थ व्यायामाचं पुस्तक छापायला घेऊन आले होते. प्रत्येक वाक्याखाली रेघ. मी विचारलं, “साहेब, यातलं महत्त्वाचं काय?” म्हणाले, “सगळंच.” मी म्हटलं, “रेघ नाही ती फक्त पानाच्या आकड्याखाली. वाचकाच्या तेवढाच लक्षात राहील.” ते पुस्तक घेऊन दुसऱ्या छापखान्यात गेले. ज्या वाक्याला खालून टेकू लागतो ते वाक्य आधी दुरुस्त करावं. तुझ्या आणि शिट्टीच्या शाळेच्या निबंधांतल्या रेघा मीच पुसायला लावल्या होत्या, आठवत असेल.

आता तुझं काम. एका क्रियापदाला एक क्रियापद शोधू नकोस, मिळणार नाही. आपल्याकडे कोण कोणाला सांगतो त्यावर ते ठरतं. बजावतो तो वरचा. निक्षून सांगतो त्याला बहुतेक नाही म्हणायचं असतं. ठासून सांगतो त्याला समोरचा ऐकणार नाही अशी शंका असते. आणि आवर्जून सांगतो तो आपला. हे चारही घे. वाक्य मात्र माझ्याकडे नाही. मी जी तपासली ती सगळी त्या वक्त्याचीच होती.

शिट्टीचं म्हणशील, तर तिची पत्रं मलाही येतात. शेवटची चार काढून शेजारी शेजारी मांडली. जुनी सवय. चारही पत्रांत शेवटी तेच: ‘गिझर आता ठीक चालतो. खालची खोली रिकामी आहे, हवं तर या. तब्येतीला जपा.’ गिझर आणि तब्येत यांच्या मधोमध. चारही वेळा त्याच जागी, त्याच शब्दांत. मासिकात पत्ता आणि वर्गणीचा मजकूर दर महिन्याला तसाच राहतो, त्याची खिळ्यांची जुळणी कोणी मोडतसुद्धा नाही. तशातला प्रकार. ज्याला खरोखर बोलवायचं असतं त्याचं एखादं तरी वाक्य इकडचं तिकडे होतं.

मुलगी भली आहे. विचारायला हवं म्हणून विचारते. मीही भला आहे, म्हणून ‘बघू’ म्हणतो. पंधरा मार्चला मालक कागद घेऊन येईल, सही करून टाकतो. पायऱ्यांनी छाती चांगली राहते.

तुझा,
मामा


१२ फेब्रुवारी

प्रिय शिट्टी,

एक प्रश्न विचारते. तुला मामा खरंच तुझ्याकडे राहायला यायला हवे आहेत का? की लेक म्हणून विचारावं लागतं, म्हणून विचारतेस?

हा प्रश्न मला कसा सुचला ते सांगत नाही. मामांचं एक पत्र आलं आहे, आणि ते मला आलं आहे, तुला नाही. त्यातलं काहीही मी तुला सांगितलेलं नाही याची नोंद घे. आता वाचताना मला कळतं आहे की एवढं म्हणूनही मी थोडं सांगितलंच. ही ओळ खोडणार होते. पण खोडली तर तू उजेडात धरून वाचशील, तुला ओळखते.

सरळ लिही.

तुझी,
खोडरबर


१७ फेब्रुवारी

बाई खोडरबर,

किती फिरवून बोलतेस. पाण्यात उतरायला घाबरणारी माणसं अशीच काठाकाठाने चालतात.

ऐक. मी दिवसभर तलावाच्या काठावर उभी राहून चाळिशी-पन्नाशीच्या लोकांना पोहायला शिकवते, म्हणजे ओरडते. “पाय मारा. तोंड पाण्यात. अहो बँकवाले, पाण्यात, छताकडे नाही.” घरी येते तेव्हा आवाज संपलेला असतो. आणि उरला असता तरी बाबांवर मी तो वापरला नसता. का, ते सांगते.

बाबांना कोणी जोर केला की ते ‘बरं’ म्हणतात. छापखान्याचा मालक म्हणाला, दुपारची पाळी घ्या. बरं. अकरा वर्षं घेतली, मी शाळेतून यायची तेव्हा ते नसायचेच. आई गेल्यावर आत्या म्हणाली, एवढं घर एकट्याला कशाला, लहान बघ. बरं. चढले तिसऱ्या मजल्यावर. पुढे सहा महिने पुस्तकांची खोकी दोरीसकट तशीच पडली होती. मी विचारलं तर म्हणाले, “इथे राहायचं आहे की नाही ते अजून ठरलेलं नाही.” अगं, राहत होते तिथेच. दुसऱ्यांच्या पानांवर एक काना चुकू द्यायचे नाहीत, आणि स्वतःचं कोणीही येऊन ठरवून गेलं.

मला त्यांचं ‘बरं’ नकोय. स्वतःहून म्हणाले तर त्या दिवशी गाडी घेऊन जाईन. म्हणून मी दर पत्रात एकदाच लिहिते, साधं, ‘हवं तर’ म्हणून. तेवढी तीन वाक्यं लिहायला मला अख्खा रविवार लागतो. जरा वेगळं लिहावं म्हटलं की जोर झाल्यासारखा वाटतो, मग आधीच्या पत्रातलंच उतरवते.

तलावाचे व्यवस्थापक मागे लागलेत, तरंगायच्या फळ्या ठेवायला घरातली ती खोली द्या. नाही म्हटलं. खालची खोली मी बाबांसाठी दोन वर्षं रिकामी ठेवली आहे, पण हे मी त्यांना ठासून सांगणार नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला.

शिट्टी


१९ फेब्रुवारी

प्रिय शिट्टी,

सांगणार नाही. शपथ घातली नसतीस तरी कदाचित सांगितलं नसतं. कदाचित.

एक वेगळंच काम होतं. कोशातल्या एका नोंदीला मला खरं वाक्य हवं आहे. तुझ्या पत्रातलं ‘खालची खोली’ पासून ‘ठासून सांगणार नाही’ पर्यंतचं वाक्य अगदी नेमकं बसतं. तुझं नाव, गाव काही येणार नाही. संपादकबाईंना लेखी परवानगी लागते. नको असेल तर खरंच नको म्हण.

तुझी,
खोडरबर


२२ फेब्रुवारी

घे की. कोश कोण वाचतं? लोक एक शब्द बघतात आणि मिटतात. हीच परवानगी समज, खाली सही केली आहे. क्लोरीनने बोटं सुरकुतली आहेत म्हणून अक्षर असं.

शिट्टी


२६ फेब्रुवारी

ती. मामांस,

पानं २१४ ते २२० सोबत पाठवते आहे. नेहमीप्रमाणे हिरव्या पेन्सिलीने तपासून पाठवावीत. दुसऱ्या अर्थाचं वाक्य मिळालं एकदाचं. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याखाली ‘नकारार्थी वापर’ अशी वेगळी ओळ दिली.

तुमचे चारही शब्द घेतले. ‘आवर्जून’साठी मात्र बाईंशी दीड दिवस वाद झाला. त्यांचं म्हणणं, ते क्रियापद नाही. माझं म्हणणं, इंग्रजी माणूस जिथे ते क्रियापद वापरेल तिथे मराठी माणूस हाच शब्द वापरेल. शेवटी चहा झाला आणि शब्द राहिला.

कोणत्याही एका नोंदीकडे खास लक्ष द्या असं मी म्हणत नाही. सगळ्या सारख्याच आहेत.

तुमची,
खोडरबर


४ मार्च

प्रिय खोडरबर,

पानं तपासून परत पाठवतो आहे. २१४ वर ‘ईल’ या माशाला पाय फुटले आहेत, वर्णन बहुधा शेजारच्या नोंदीतून घसरलं. २१६ वर एक कंस उघडला आहे तो पुढे कुठेच मिटत नाही, मी शेवटपर्यंत वाट पाहिली. बाकी किरकोळ.

२१७. दुसरा अर्थ, नकारार्थी वापर. या वाक्यात दुरुस्ती नाही. स्वल्पविराम जागेवर आहे.

एक प्रश्न मात्र आहे. मुद्रितशोधकाने असा प्रश्न विचारायचा नसतो. कागदावर आहे ते बरोबर छापलं की नाही एवढंच आम्ही बघायचं, खरं की खोटं ते लिहिणाऱ्याने बघायचं. मी चाळीस वर्षांत कधी विचारला नाही. हे वाक्य कोणी खरोखर लिहिलं आहे, की संपादकबाईंना दाखवायला तू रचलंस?

रचलं असलंस तर सुरेख रचलंयस, मी रागावणार नाही.

पंधरा तारखेला मालक येतो आहे. त्याआधी उत्तर आलं तर बरं. नाही आलं तरी हरकत नाही.

तुझा,
मामा


७ मार्च

ती. मामांस,

वाक्य रचलेलं नाही. मूळ कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे, खाली सही आहे, आणि वापरायची परवानगी वेगळ्या कागदावर आहे. कोणाचं ते सांगणार नाही. मला शपथ घातलेली आहे. ती मी अक्षराने पाळली आणि अर्थाने मोडली, हे मला कळतं. ज्या व्यक्तीने परवानगी दिली तिला आमची प्रुफं कोण वाचतं ते आठवलं नाही. मी आठवण करून दिली नाही.

गेले तीन दिवस स्वतःलाच विचारते आहे: ते वाक्य मी निवडलं ते सगळ्यांत चांगलं होतं म्हणून, की तुम्ही वाचावं म्हणून? दोन्ही खरं आहे. यातलं आधी मनात काय आलं ते आठवत नाही, आणि आठवत नाही हे मला सोयीचंच आहे. माझी रोजची वही काढून पाहिली. अठरा फेब्रुवारीच्या पानावर फक्त एवढंच आहे: ‘वाक्य मिळालं. चप्पल दुरुस्तीला टाकली.’ वहीतसुद्धा मी लपवते म्हणजे कमाल आहे.

तुम्ही विचारलं नव्हतं तरी माझं मत आता देते. तुम्ही तिकडे जावं असं मला वाटतं. पण मला वाटतं म्हणून जाऊ नका. तिला वाटतं म्हणूनही नको. तुम्हाला काय हवं आहे ते तुम्ही नऊ फेब्रुवारीच्या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. मी पुन्हा वाचून खात्री केली. गिझर कुठे आहे, तब्येत कुठे आहे, सगळं आहे. तेवढंच नाही.

हे लिहिलं ते आगाऊपणाचं आहे. तरी खोडत नाही.

तुमची,
खोडरबर


१८ मार्च

खोडरबर,

तुझ्याशी मी दोन महिने बोलणार नाही. हे पत्र बोलण्यात धरू नकोस.

काल तलावावर बाबांचं पत्र आलं. घरच्या पत्त्यावर नाही, तलावाच्या. म्हणजे मी घरी जाईपर्यंतही त्यांना थांबायचं नव्हतं. जसंच्या तसं उतरवते:

‘खालची खोली रिकामी असल्याचं कोशात वाचलं, पान २१७. मला ती हवी आहे. मला या घरात पहिल्या दिवसापासून करमलं नाही, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मालकाला काल नाही म्हणून झालं. कोणीही जोर केलेला नाही. तू नको म्हणालीस तरी आता माझी काही हरकत नाही असं मी लिहिणार होतो. पण हरकत आहे.’

मी ते काठावर उभ्याने चारदा वाचलं. बारा माणसं कठडा धरून पाय मारत होती, कोणी थांबा म्हटलंच नाही. बँकवाले शेवटी म्हणाले, “मॅडम, आम्ही अजून किती?”

तुझ्यावर रागावले आहे. शपथ म्हणजे शपथ. पुढच्या वेळी तुला पत्र लिहीन ते वकिलाला दाखवून लिहीन. आणि कोण म्हणालं कोश कोणी वाचत नाही?

शनिवारी त्यांना आणायला जाते आहे. एकवीस खोकी आहेत, त्यांतली नऊ अजूनही बांधलेलीच. तूही ये. बोलायचं नाही, नुसती उचलायची.

शिट्टी


४ एप्रिल

प्रिय खोडरबर,

वर नवा पत्ता आहे तो वहीत नोंदवून घे, पेनने. त्या दिवशी तुम्ही दोघी एकमेकींशी चकार शब्द न बोलता माझं कपाट जिन्याच्या वळणावरून काढत होता, ते बघण्यासारखं होतं. मालकही बघायला थांबला.

खरं सांगायचं तर पहिले तीन दिवस मला वाटलं, आपण चूक केली. खोली छान आहे. खिडकीतून समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्याचं सगळं दुकान दिसतं. पण शिट्टी घरात चवड्यांवर चालायची. मी पुस्तक मिटलं तरी दारात येऊन विचारायची, “बाबा, काही हवंय का?” पंखा मी लावायच्या आत ती लावायची. चहाचे नवे कप काढले होते. मी कप विसळायला उचलला की हातातून घ्यायची, “राहू द्या हो.” मीही मग पाय जवळ घेऊन बसायचो. आंघोळीची वेळ तिला विचारून ठरवायचो. रात्री खोकला आला तर उशीत खोकायचो. मनात म्हटलं, खोली ठेवणं वेगळं आणि माणूस ठेवणं वेगळं. कागदावर बरोबर असलेल्या पुष्कळ गोष्टी छापल्यावर चुकतात. नऊ खोकी मी या वेळीही उघडली नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आलो आणि ओला टॉवेल सवयीने बाहेरच्या वेताच्या खुर्चीवर टाकला. ती कामावर निघाली होती, बॅग खांद्याला होती. परत फिरली. खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग जी सुरू झाली म्हणतेस. “बाबा, ही वेताची खुर्ची आहे, कुजते. बाहेर एवढी मोठी दोरी बांधली आहे ती काय शोभेला? आणि कालपासून त्या साबणाच्या डबीत पाणी साचलंय ते कोण ओतणार? आईसुद्धा हेच सांगून थकली.” कानाचं मशीन न लावताही माझा एक शब्द चुकला नाही. समोरचा सायकलवाला हातातलं चाक तसंच धरून उभा राहिला. मीही सोडलं नाही. म्हटलं, “दोरी इतकी उंच कोणी बांधली? खांबासाठी बांधलीस की माणसासाठी?” ती म्हणाली, “स्टूल घ्यायचं मग.” मी म्हटलं, “पडलो म्हणजे?” ती म्हणाली, “पडा.” आणि दार आपटून गेली.

मी खोलीत येऊन बसलो. घर एकदम शांत झालं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की आपण पाय पसरून बसलो आहोत. पाहुण्याला कोणी असं बोलत नाही.

दुपारपर्यंत नऊही खोकी उघडून झाली. संध्याकाळी ती आली, दोरी वीतभर खाली बांधली, आणि विचारलं, “आता पोहोचतो का हात?”

पोहोचतो. अगदी आरामात पोहोचतो.

दुसऱ्या दिवशी मी टॉवेल पुन्हा खुर्चीवरच टाकला.

तुझा,
मामा